पक्षी ओळखण्याची पुस्तके

आंब्याच्या शेंड्यावर एखादे पाखरू क्षणभर बसते, शीळ घालते आणि भुर्रकन उडून जाते. ते कोणते, हे कसे ओळखावे? पूर्वीच्या अभ्यासकांना याचा एकच खात्रीचा मार्ग ठाऊक होता. पक्षी बंदुकीने मारावयाचा, त्याची चोच, पंख व शेपटी मोजावयाची आणि संग्रहातील नमुन्यांशी तुलना करावयाची. एका नावासाठी एक जीव जाई.

चित्रेही बहुधा मेलेल्या पक्ष्यांवरूनच काढली जात. जॉन जेम्स ऑड्युबन या चित्रकाराने १८२७ ते १८३८ या काळात अमेरिकेतील पक्ष्यांची ४३५ चित्रे प्रसिद्ध केली. मारलेला पक्षी तारांच्या आधाराने उभा करून तो त्याचे चित्र रेखाटी. प्रत्येक पक्षी खऱ्या आकारात दाखवावयाचा असल्यामुळे या ग्रंथाची पाने सुमारे एक मीटर उंचीची होती. ग्रंथ मोठा देखणा. पण तो रानात कोण नेणार?

१९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन या तरुण अमेरिकन चित्रकाराने ही अडचण दूर केली. त्याने सहज हाती बाळगता येईल असे छोटे पुस्तक रचले. त्यात सारखे दिसणारे पक्षी शेजारीशेजारी दाखविले आणि प्रत्येकाच्या खास खुणेकडे बारीक रेघ ओढली. त्यामुळे दुरून पाहणाऱ्यालाही नेमके काय पाहावे हे कळू लागले. बंदुकीचे काम दुर्बीण करू लागली.

आपल्या देशात हे कार्य सलीम अली यांनी केले. त्यांचा जन्म मुंबईत १८९६ साली झाला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील मिलार्ड साहेबांनी तिचे नाव तर सांगितलेच. शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. या कुतूहलातूनच पुढे थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला.

१९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे सचित्र पुस्तक निघाले. त्यातील एक युक्ती फार सोपी आहे. पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा परिचित पाखरांशी ताडून सांगितलेला आहे. फांदीवरच्या पक्ष्याला पट्टी लावता येत नाही. परंतु तो बुलबुलाएवढा आहे की चिमणीएवढा, हे कोणालाही सांगता येते.

दयाळ आणि चिरक यांचेच पाहा. दोघांचेही नर काळे, पंखांवर पांढरा पट्टा असलेले आणि शेपटी उभारणारे. पण दयाळ बुलबुलाएवढा असून त्याचे पोट पांढरे असते. चिरक चिमणीहून थोडाच मोठा आणि त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो. एवढ्या खुणा ठाऊक झाल्या, की घोटाळा होत नाही.

तथापि केवळ चित्रावर विसंबून चालत नाही. कोकीळ काळाभोर, तर त्याची मादी तपकिरी व ठिपकेदार असते. अजाण माणसाला ते दोन निरनिराळे पक्षी वाटतील. म्हणून चित्राशेजारी दिलेली आवाज, सवयी व वसतिस्थान यांची माहितीही वाचावी लागते. मराठी वाचकांसाठी मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचून अशा ज्ञानाचे भांडार खुले केले आहे.

अशा पुस्तकांनी पक्ष्यांची नावे तर शिकविलीच. पण त्यांचे मोठे उपकार निराळेच आहेत. आज पाहणाऱ्याला नाव कळते, आणि पाखरू फांदीवर गातच राहते.