पिसांची माशी, तांब्याची तार

लंडनमध्ये १८८४ साली स्थापन झालेल्या फ्लायफिशर्स क्लबाच्या सभासदांनी, पिसे, केस आणि रेशीम गळावर बांधून केलेल्या कृत्रिम माशीने ट्राउट माशाला भुलवण्याच्या विद्येवर, एखाद्या वतनाचा मुकदमा चालावा अशा गांभीर्याने वाद घातले आहेत. माशी पाण्यावर तरंगतीच हवी, हा फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा आग्रह. त्यावर पेशाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज यांनी, ट्राउटचे बरेचसे भक्ष्य पाण्याखालीच असते, अशी कैफियत १९१० साली ग्रंथरूपाने दाखल केली, आणि १९३८ मध्ये क्लबात या प्रश्नाची रीतसर चर्चाही झाली.

मला मात्र या विद्वज्जनांपेक्षा एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर अधिक जवळचे वाटतात. त्यांनी माशी बांधण्याचा दोराच वर्ज्य केला: इवल्याशा गळावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून छातीच्या जागी उंचवटा करायचा, फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसाच्या तांबूस तंतूंची टोके मागे मोकळी सोडून उरलेले तंतू त्याच तारेसह पिळत गळाच्या नेढ्यापर्यंत आणायचे, आणि तेथे मागे-पुढे दुमडून बांधायचे. पाण्याखालच्या कीटकाच्या बाल्यावस्थेची ही नक्कल, म्हणजेच ‘निम्फ’, तारेच्या वजनाने चटकन बुडते. पाय ते बांधीतच नसत. पोहताना खरा निम्फही पाय अंगाशी आवळूनच घेतो.