उंच केलेल्या जीपची भूमिती

दगडधोंड्यांच्या वाटेने जाणाऱ्या गाडीचे पोट जमिनीला घासू नये, ही साधी गरज आहे. त्यासाठी जगभर अनेक हौशी लोक आपली जीप 'उंच' करून घेतात. मूळच्या स्प्रिंगा काढून दहाएक सेंटिमीटर उंच स्प्रिंगा बसवल्या, जोडीला मोठे टायर चढवले, की काम झाले असे वाटते. गाडी रुबाबदार दिसते, खडकावरून सहज जाते. मात्र डांबरी सडकेवर आल्यावर ती सरळ चालत नाही. स्टिअरिंग वळवल्यावर आपण होऊन मधे येत नाही, खड्ड्यातून गेली की गाडी एका बाजूला झेपावते, आणि काही वेळा ठरावीक वेगाला पुढची चाके जोरजोरात थरथरू लागतात.

उंची वाढवली तर दिशा का बिघडावी? वरवर पाहता या दोन गोष्टींचा संबंध दिसत नाही. तो संबंध आठवी-नववीच्या भूमितीत आहे. पायथागोरसचा सिद्धांत, वर्तुळाचा कंस आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्या सामग्रीवर आपल्याला हे सगळे प्रकरण उलगडता येते.

जीपची पुढची आस

जीप ही गाडी १९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी तयार होऊ लागली. मुंबईत तिची जुळणी १९४७ मध्ये सुरू झाली. त्या जीपला पुढे आणि मागे एकसंध आस, म्हणजे ॲक्सल, होती आणि ती पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेली होती. पाटे दोन कामे करतात. ते गाडीचे वजन पेलतात आणि आसेला जागेवर धरूनही ठेवतात.

१९९७ च्या जीप रँग्लरमध्ये एकसंध आस कायम राहिली, पण पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. अशी स्प्रिंग वजन पेलते, मात्र आसेला धरून ठेवू शकत नाही. ते काम दांड्यांवर सोपवावे लागते. आस पुढेमागे सरकू नये म्हणून चासीपासून आसेपर्यंत लांबीच्या दिशेने चार दांडे असतात, दोन खालचे आणि दोन वरचे. आस डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो. त्याला ट्रॅक बार किंवा पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे विरुद्ध बाजूला आसेला जोडलेले असते. साधारण त्याच्याच जवळून आणखी एक आडवा दांडा जातो. स्टिअरिंगच्या पेटीकडून चाकाकडे हालचाल पोहोचवणारा हा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. उजवे आणि डावे चाक एकमेकांशी जोडणारा दांडा म्हणजे टाय रॉड.

या सर्व दांड्यांची लांबी पक्की आहे. चासी वर उचलली की त्यांना लांब होता येत नाही, ते फक्त तिरपे होतात. सगळ्या तक्रारींचे मूळ या एका वाक्यात आहे.

आस बाजूला का सरकते?

समजा, ट्रॅक बारची लांबी ८० सेंमी आहे आणि मूळ गाडीत त्याचे चासीकडचे टोक आसेकडच्या टोकापेक्षा १० सेंमी वर आहे. त्याची आडवी व्याप्ती ६४०० वजा १०० या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे ७९.४ सेंमी. आता गाडी १० सेंमी उचलली. टोकांमधील फरक २० सेंमी झाला. आडवी व्याप्ती ६४०० वजा ४०० चे वर्गमूळ, म्हणजे ७७.५ सेंमी. आस सुमारे १.९ सेंमी बाजूला सरकली, आणि तीही ज्या बाजूला दांडा चासीला जोडला आहे त्या बाजूला.

हा दोष दूर करणे सोपे आहे. लांबी कमीजास्त करता येईल असा आटे असलेला ट्रॅक बार बसवायचा आणि तो तेवढा लांब करायचा. आस पुन्हा मधोमध येते.

पण दांड्याचा तिरपेपणा तसाच राहतो. उभी गाडी आता सरळ दिसते, चालत्या गाडीचे काय? चाक ५ सेंमी उंचवट्यावर चढले, म्हणजे आस चासीच्या ५ सेंमी जवळ आली, असे धरा. मूळ गाडीत १० चे ५ होतात आणि आस ०.५ सेंमी बाजूला सरकते. उंच केलेल्या गाडीत २० चे १५ होतात आणि आस १.१ सेंमी सरकते. सरकणे दुपटीहून अधिक झाले.

अर्धी दुरुस्ती अधिक वाईट

हे कळल्यावर ट्रॅक बार पुन्हा आडवा करावा असे कोणालाही वाटेल. त्यासाठी आसेवरची त्याची खुंटी १० सेंमी उंच करणारा ब्रॅकेट मिळतो. तो बसवला की फरक पुन्हा १० सेंमी होतो. गाडी आता सुधारायला हवी. प्रत्यक्षात ती अधिक धोकादायक होते. असे का, ते पाहू या.

ड्रॅग लिंक अजून २० सेंमीच्या तिरपेपणावर आहे. सोयीसाठी तिची लांबीही ८० सेंमी धरू. ५ सेंमीचा उंचवटा आला की ट्रॅक बारमुळे आस ०.५ सेंमी सरकते, पण ड्रॅग लिंकचे टोक त्याच दिशेने १.१ सेंमी सरकते. दोहोंत ०.६ ते ०.७ सेंमीचा फरक पडला. आस मागे राहिली आणि चाकाला वळवणारा दांडा पुढे गेला, म्हणजेच चाक वळले. चाक वळवणारा हात १५ सेंमी लांब असेल, तर हे वळण सुमारे अडीच अंशांचे होते. चालकाने स्टिअरिंग घट्ट धरले आहे, तरीही खड्ड्याने चाक वळवले. यालाच 'बंप स्टिअर' म्हणतात.

आता मागे जाऊन पाहा. दुरुस्ती करण्यापूर्वी ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक दोन्ही २० सेंमीवर होते. दोघेही १.१ सेंमी सरकत होते, त्यामुळे चाक वळत नव्हते. गाडी बाजूला डुलत होती, पण तिची दिशा ढळत नव्हती. तेव्हा नियम असा: हे दोन दांडे समांतर आणि शक्य तितके समान लांबीचे असावेत. एकाचा तिरपेपणा बदलला तर दुसऱ्याचाही तितकाच बदलला पाहिजे. आडवे असणे चांगले. पण समांतर असणे अत्यावश्यक आहे.

वर्गात करून पाहा

पुठ्ठ्याच्या ८ आणि ८ सेंमी लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. टाचण्यांमधील अंतर मोजून ८ सेंमी भरले पाहिजे. फळ्यावर टाचणीने दोन्ही पट्ट्यांचे एकेक टोक पक्के करा, एक टोक दुसऱ्याच्या १ सेंमी वर. मोकळ्या टोकांत पेन्सिलीसाठी भोक पाडा. पट्ट्या समांतर ठेवून दोन्ही मोकळी टोके अर्धा-अर्धा सेंमी वर उचला आणि आडवे सरकणे मोजा. मग एक पट्टी अधिक तिरपी ठेवून तीच कृती करा. अंतरे छोटी असल्याने मोठ्या आलेखपत्रावर दहापट आकारात आकृती काढली तर फरक ठळक दिसेल.

स्टिअरिंग आपण होऊन सरळ का होते?

सायकलीचा पुढचा चिमटा उभा नसतो, तो मागे झुकलेला असतो. त्याचा अक्ष खाली वाढवला तर चाक जेथे जमिनीला टेकते त्याच्या पुढे तो जमिनीला भेटतो. चाकाचा टेकण्याचा बिंदू अक्षाच्या मागे राहतो आणि मागून ओढल्यासारखा येतो. त्यामुळे चाक आपोआप सरळ दिशेत येते. कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीची छोटी चाके ढकललेल्या दिशेच्या मागे वळतात, तेही याच कारणाने.

मोटारीतही चाक वळण्याचा अक्ष वरच्या टोकाकडे मागे झुकलेला असतो. या झुकावाला कॅस्टर कोन म्हणतात. समजा तो ७ अंश आहे आणि चाकाची त्रिज्या ३७ सेंमी आहे. ३७ ला ७ अंशांच्या स्पर्शगुणोत्तराने गुणले की ४.५ सेंमी मिळतात. टेकण्याचा बिंदू अक्षाच्या एवढा मागे आहे.

गाडी उचलल्यावर पुढेमागे जाणारे चारही दांडे तिरपे होतात आणि आसेला मागे ओढतात. मात्र खालचे आणि वरचे दांडे सारखे ओढत नाहीत. आसेचा खालचा भाग अधिक मागे येतो आणि आस स्वतःभोवती थोडी फिरते. दांड्यांच्या खुंट्यांत उभे अंतर २० सेंमी असेल आणि खालची खुंटी वरचीपेक्षा १ सेंमी अधिक मागे आली, तर आस सुमारे ३ अंश फिरते. कॅस्टर ७ चा ४ होतो, आणि ४.५ सेंमीचे अंतर २.६ सेंमीवर येते. स्टिअरिंग सरळ करणारा जोर त्यामुळे बराच घटतो. गाडी सडकेवर भरकटल्यासारखी चालते ती म्हणून.

उपाय म्हणजे आस उलट फिरवणे. खालचे दांडे लांब करून ते साधता येते. पाट्यांच्या जीपमध्ये आस आणि पाटे यांच्यात लोखंडी पाचर बसवतात.

एक मिळवावे तर दुसरे जाते

येथे एक खरी अडचण उभी राहते. चार चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढच्या आसेतून एक नाक मागे निघालेले असते, आणि त्याला फिरता शाफ्ट जोडलेला असतो. गाडी उंच केल्यावर या शाफ्टचे वरचे टोक आणखी वर गेले आहे. कॅस्टर वाढवण्यासाठी आस फिरवली की हे नाक खाली झुकते आणि शाफ्टशी त्याचा कोन वाढतो.

शाफ्टच्या टोकाला जो सांधा असतो तो रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) याच्या नावानेही ओळखला जातो. या सांध्याचा एक विशेष आहे. एक बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली, तरी तिरप्या बसलेल्या दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन १० अंश असेल तर ही चढउतार सुमारे दीड टक्का असते. २० अंशांना ती सुमारे सहा टक्के होते. कोन दुप्पट, चढउतार चौपट. शाफ्ट मिनिटाला २४०० फेऱ्या करत असेल, तर असे ८० हिसके दर सेकंदाला बसतात. १९९७ च्या रँग्लरमध्ये पुढच्या आसेची शक्ती बंद असतानाही हा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच राहतो, त्यामुळे सडकेवरही सुटका नाही.

म्हणून कॅस्टर किती द्यायचा याचे उत्तर नेहमीच तडजोडीचे असते. सडकेवर सरळ चालण्यापुरता कॅस्टर परत मिळवायचा, आणि शाफ्ट थरथरणार नाही एवढ्यावर थांबायचे. दोन्ही पूर्ण हवे असतील, तर आसेची टोके कापून फिरवून पुन्हा वेल्डिंग करावी लागतात. ते काम जोखमीचे आहे.

दुरुस्तीचा क्रम

एकामागून एक करायच्या या दुरुस्त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची पायरी मागची बिघडवू नये.

१. टायरमधील हवा सारखी करणे. सांधे व रबरी बुश सैल नाहीत ना हे पाहणे. सैल सांध्यावर केलेले मोजमाप निरर्थक असते, आणि चाकांच्या थरथरण्याचे कारण पुष्कळदा याच सैलपणात सापडते.
२. ट्रॅक बारची लांबी बदलून आस मधोमध आणणे. तो आणि ड्रॅग लिंक समांतर आहेत याची खात्री करणे.
३. कॅस्टर आणि शाफ्टचा कोन ठरवणे.
४. टाय रॉडने 'टो' जुळवणे. दोन्ही चाकांमधील पुढचे अंतर मागच्या अंतरापेक्षा किंचित कमी असावे लागते. कॅस्टर बदलला की टो थोडा हलतो, म्हणून तो नंतर.
५. शेवटी ड्रॅग लिंकची लांबी बदलून, गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग मधे आणणे.
६. बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आवळणे, आणि काही शे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासणे.

ही सर्व चर्चा एकसंध आसेची आहे. २०२० साली आलेल्या थारसारख्या गाडीत पुढची दोन चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. तेथे उंचीबरोबर चाकाचा आतबाहेर झुकाव, म्हणजे कॅम्बरही बदलतो आणि हिशोब निराळा करावा लागतो.

जे दुरुस्त होत नाही

एवढे करूनही एक गोष्ट परत मिळत नाही. समजा चाकांमधील अंतर १४५ सेंमी आणि गुरुत्वमध्याची उंची ७० सेंमी आहे. अर्ध्या अंतराला उंचीने भागले की १.०४ येतात. चासी १० सेंमी उचलल्याने गुरुत्वमध्य ८ सेंमी वर गेला, तर हे गुणोत्तर ०.९३ होते. टायर घसरले नाहीत असे धरल्यास, ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली गाडी उलटू लागण्याचा वेग ताशी सुमारे ६३ किलोमीटर येतो आणि दुसरीचा सुमारे ६०. स्प्रिंगांचे दबणे धरले तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात. अमेरिकेत २००१ पासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी याच गुणोत्तरावरून देण्यास सुरुवात झाली. यावर कोणताही ब्रॅकेट उपयोगी नाही. आस रुंद करा, नाहीतर वेग कमी ठेवा.

आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. शेतमळ्यात चालणारी गाडी आणि शाळेच्या मुलांना घेऊन घाटातून जाणारी गाडी यांत म्हणूनच फरक करायला हवा.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. ट्रॅक बार ८० ऐवजी १०० सेंमी असता, तर १० सेंमी उचलल्यावर आस किती सरकली असती?
२. ट्रॅक बार मूळ स्थितीत पूर्ण आडवा असेल, तर चाक ५ सेंमी वर आणि ५ सेंमी खाली जाताना आस कोणत्या दिशेने सरकेल? दोन्ही वेळी एकाच दिशेने का?
३. सायकलीचे हँडल १८० अंशांत उलटे फिरवून ती ढकलून पाहा. ती पूर्वीइतकी सरळ जाते का? अक्ष आणि टेकण्याचा बिंदू यांची आकृती काढून कारण सांगा.