कॉन्टेसाला दम कोणी द्यावा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अमरावतीत दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतला कूलर घोंघावत होता, आणि पन्हे पिऊन मी नुकता कुठे आडवा झालो होतो, तोच अकोल्याचा पुतण्या दारात उभा! एवढे ऊन अंगावर घेऊन शंभर किलोमीटर आला, तेव्हा काम तसेच जरुरीचे असणार. पाण्याचा तांब्या रिकामा करून त्याने एकच प्रश्न टाकला, "काका, बाबांच्या कॉन्टेसाला सुपरचार्जर बसवू की टर्बो?"

मी आयुष्यभर मुलांना इंजिने शिकवली. त्यामुळे घराण्यातल्या कुणाचाही पंप, स्कूटर किंवा पिठाची गिरणी बिघडली, की तो प्रश्न माझ्या ओसरीवर येऊन बसतो. पण या वेळचा प्रश्न निराळा होता. आमचे थोरले बंधू जाऊन तीन वर्षे झाली. जिनिंगच्या धंद्यात एक वर्ष त्यांना बरे गेले, त्या वर्षी, म्हणजे १९९१ साली, त्यांनी ही दुधी रंगाची गाडी घेतली. तसे वर्ष पुन्हा आले नाही आणि तशी गाडीही आली नाही. वहिनी म्हणतात, गाडी विकायची नाही. पुतण्या म्हणतो, विकायची नाही हे कबूल, पण गोधडीखाली झाकूनही ठेवायची नाही, पळवायची! त्यासाठी त्याने दोन लाख रुपये बाजूला काढले होते.

कॉन्टेसा ही गाडी आजच्या मुलांना चित्रपटांतूनच ठाऊक असेल. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली ती बाजारात आणली. साचा विलायतेतल्या व्हॉक्झॉल कंपनीचा. लांबलचक नाक, रुंद खांदे, पुढे चार दिवे. रस्त्याने निघाली की माणसे वळून बघत. लोक तिला हिंदुस्थानची 'मसल कार' म्हणतात ते या रूपावरून. खरी मसल कार अमेरिकेची. १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओचे इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचे आणि ताकद तीनशे अश्वशक्तीहून अधिक. आमच्या कॉन्टेसाला आरंभी अॅम्बेसेडरचेच दीड लिटरचे, पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन होते. म्हणजे देह हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातल्या पैलवानाचा आणि छाती निवृत्त पोस्टमास्तरांची! पुढे इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले, ताकद पंच्याऐंशीच्या पुढे गेली, पाच गिअर आले. बंधूंची गाडी त्यातली. तरी आजची साधी मोटारही तिला चढावर मागे टाकते, आणि हेच पुतण्याला खुपत होते.

आता दम द्यायचा म्हणजे नेमके काय, ते सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे. हवा आत कोंबणे अवघड. साधे इंजिन आपल्या श्वासाने जेवढी ओढेल तेवढीच हवा घेते. ती पंपाने दाबून भरली, तर त्याच इंजिनात जास्त इंधन जळते आणि ताकद वाढते. दोन्ही युक्त्या हेच करतात. फरक एवढाच, की पंप कोणी फिरवायचा?

सुपरचार्जर हा लोहाराचा भाता. इंजिनाच्याच क्रँकवरून पट्टा घ्यायचा आणि त्याने पंप फिरवायचा. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली अशा पंपाचे पेटंट घेतले, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. पंप भट्ट्यांना हवा घालण्याच्या कामी येई. पेडल दाबले की हा भाता त्याच क्षणी हवा देतो. मात्र भाता ओढायला हात लागतो, आणि तो हात इंजिनाचाच. कमावलेल्यातले काही त्याला द्यावे लागते.

टर्बोची गोष्ट वेगळी. आपल्याकडे मोरीच्या वाहत्या पाण्यावर परसात केळ लावतात ना, तसा हा हिशेब आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तापल्या धुराच्या झोतात एक चक्र ठेवायचे; त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र हवा दाबते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअराने १९०५ साली याचे पेटंट घेतले. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. फुकटातली केळी म्हणतात ती हीच. पण मोरीला पाणी येईपर्यंत केळीला थांबावे लागते.

हे थांबणे वऱ्हाडकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अकोल्याहून अकोटवरून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी ज्यांना आठवते, त्यांनी तिचे डिझेल इंजिनही आठवावे. धूळघाटाजवळ रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढत. ड्रायव्हरने जोर मागितला, की पहिल्यांदा काळ्या धुराचा लोट उठे आणि मग इंजिन सावरे. त्या इंजिनाला टर्बो होता. इंधन आधी आले, हवा मागून आली, म्हणून तो धूर.

"मग पट्ट्याचाच बरा!" पुतण्या म्हणाला. मी म्हटले, घाई करू नकोस. कागद-पेन्सिल घे.

बाहेर पंचेचाळीस अंश उष्णता धरू. हवा तापली की विरळ होते. हिवाळ्यातल्या पहाटेच्या, पंधरा अंशांच्या हवेपेक्षा मे महिन्यातली हवा वजनाने नऊ-दहा टक्के कमी भरते. म्हणजे आपल्या प्रांतात उन्हाळ्यात इंजिन आधीच अर्धपोटी. त्यात वातावरणाच्या दाबाच्या चाळीस टक्के जादा दाब द्यायचा म्हटले, तर दाबताना हवा आणखी तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तसेच. रूट्स जातीच्या भात्यातून ती शंभर अंशांच्या आसपास तापून निघते, चांगल्या टर्बोतून नव्वदच्या. म्हणजे दाब चाळीस टक्के वाढवला, तरी हवेचे वजन वाढले जेमतेम वीस टक्के! शिवाय भात्याने सहा-सात अश्वशक्ती खाल्ली ती वेगळीच. हवा मध्ये गार करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, लावली आणि ती साठ अंशांवर आणली, तर मात्र वाढ तेहेतीस-चौतीस टक्क्यांवर जाते.

हे ऐकून पुतण्याचा चेहरा पुन्हा टर्बोकडे झुकला. हवा कमी तापते, पट्ट्याचा कर नाही. मग अडचण कसली? अडचण धुराच्या बाजूला आहे. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलहून बराच जास्त तापलेला असतो, जोरात चालताना आठशे-नऊशे अंशांपर्यंत जातो. टर्बोचे कवच लालबुंद होते, आणि ते बसणार बॉनेटखाली, चौतीस वर्षांच्या रबरी नळ्या, वायरी आणि थकलेल्या रेडिएटरच्या शेजारी. भंगार बाजारात ट्रक-टेम्पोचे टर्बो ढिगाने मिळतात म्हणून कोणी सुचवतो. पण डिझेलच्या धुरासाठी बेतलेले चक्र पेट्रोलच्या जाळात टिकेलच असे नाही, आणि मोठ्या इंजिनाचे चक्र १.८ लिटरच्या फुंकरीने वेळेवर फिरणारही नाही. आणि गाडी थांबवल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून टर्बो गार होऊ द्यावा लागतो, नाहीतर दांड्याभोवतीचे तेल जळून कोळसा होतो. आमच्या घरात गाडी फाटकात शिरण्याआधीच किल्ली फिरवण्याची रीत आहे.

उलट सुपरचार्जर बसवणे म्हणजे कॉन्टेसासाठी तयार पेटी विकत मिळणार नाही. दुसऱ्या गाडीचा पंप मिळवायचा, लेथवर ब्रॅकेट करून घ्यायचे, पट्टा सरळ रेषेत आणायचा. कार्बुरेटर दाबाच्या बाजूला आला, तर त्याच्या वाटीलाही तेवढाच दाब द्यावा लागतो आणि पेट्रोलच्या पंपाचा जोर वाढवावा लागतो. नाहीतर ऐन जोराच्या वेळी पेट्रोलच येत नाही. ठिणगीची वेळही मागे घ्यावी लागते, कारण दाबलेले मिश्रण वेळेआधी भडकले तर पिस्टनवर घण बसल्यासारखा आवाज येतो आणि काही दिवसांत पिस्टनच फुटतो.

गाडी डिझेलची असती, तर मी दुसऱ्या वाक्याला थांबलो असतो. डिझेलमध्ये आत फक्त हवा दाबली जाते, इंधन मागून येते, म्हणून त्याला टर्बो मानवतो. कंपनीनेच पुढे टर्बो-डिझेल कॉन्टेसा काढली होती. पेट्रोलच्या जुन्या गाडीला, वऱ्हाडच्या उन्हात आणि घरगुती वापरात, माझे मत थोड्या दाबाच्या, पट्ट्याच्या पंपाकडे आहे. ताकद थोडी कमी मिळेल, पण धुराच्या बाजूचा जाळ बॉनेटखाली साठणार नाही.

एवढे बोलून मी त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. वाटेत २०२२ च्या जून महिन्यात ज्या रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनेस बुकात नाव गेले, तोच तो रस्ता. पुतण्याला गाडी पळवायची ती इथेच.

मिस्त्री बंधूंच्या वेळचे. वय सत्तरीपुढे, नजर मात्र घारीची. पुतण्याने मोबाइलवर पंपांची चित्रे दाखवली. ती शांतपणे पाहून ते म्हणाले, "सर, दम्याच्या मानसाले पहेलवानाचा खुराक देऊन काय फायदा? आंधी छाती त पाहा!"

मी काल दोन तास बोललो आणि हेच राहून गेले होते. लाजलो. मग प्लग काढून दाब मोजला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरात काटा अकराच्या पुढे, तिसऱ्यात आठावर अडकला. मिस्त्रींनी त्या भोकातून चमचाभर तेल सोडले आणि पुन्हा मोजले. काटा दहापर्यंत चढला. तेलाने फट बुजली, म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, रिंगा झिजलेल्या. अशा इंजिनात दाब कोंबला असता, तर तो रिंगांवाटे खाली तेलात उतरला असता.

वहिनी दारातून बघत होत्या. "त्यांना शेवटी शेवटी मूर्तिजापूरच्या पुढे गाडी ओढत नाही म्हणून वाटायचं," त्या म्हणाल्या, "आम्ही म्हणायचो, तुमचंच वय झालं!"

कुणी काही बोलले नाही. मिस्त्री पाने पुसत राहिले.

कायद्याची बाजूही पाहिली. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, म्हणजे तपासणी आलीच. तेव्हा असले काम करण्याआधी आर.टी.ओ.चे आणि विमा कंपनीचे लेखी उत्तर हाती हवे. आणखी एक गंमत आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पुरी केलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. बंधूंची गाडी त्या वयाला २०४१ साली पोचेल. तोवर तिचे पोट कापाकापी करून ठेवायचे का, हाही विचार आहेच. पुतण्या तेव्हा माझ्या आजच्या वयाच्या जवळ आलेला असेल.

दोन लाखांतले बरेचसे रिंगा, बेअरिंगे, हेडचे गॅस्केट, नवा कोर घातलेला रेडिएटर आणि रबरी नळ्या यांत गेले. नळ्या मुद्दाम सगळ्या बदलल्या, कारण पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. इंजिन बांधायला मिस्त्रींनी पावसाळा घेतला. मधून मधून पुतण्याचा फोन येई, "काका, पट्ट्याचं काय ठरलं?" मी म्हणे, "आधी श्वास लागू दे."

दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी बाहेर काढली. वहिनी पुढच्या आसनावर बसल्या. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच. मूर्तिजापूर मागे पडले, पुढे बडनेरा आले, गाडीने कुठे कुरकुर केली नाही. वहिनींनी एकदा काट्याकडे पाहिले, एकदा मुलाकडे पाहिले, आणि "हळू!" एवढेच म्हणाल्या. भाऊबीज झाली की परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढून बघायचा बेत आहे. तिथे अकराशे मीटर उंचीवर हवेचा दाब बारा टक्के कमी. तेव्हा खरी परीक्षा तिथेच.

क्रँकच्या पुलीवर मिस्त्रींनी एक खाच जास्तीची काढून ठेवली आहे. ती कशासाठी, हे वहिनींना अजून कोणी सांगितलेले नाही.