वरचा मजला रिकामा आहे

फाटकावर 'अ लुए' अशी पाटी टांगली तेव्हा आठ-पंधरा दिवसांत ती उतरवावी लागेल अशी आमची समजूत होती. २०२३ च्या फेब्रुवारीत टांगलेली ही पाटी उतरली ती ऑगस्टच्या अखेरीस. मध्यंतरी पावसाने तिच्यावरील टेलिफोनचा एक आकडा पुसला गेला आणि दोन आठवडे आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. शिक्षकाचे घर, आणि पाटीवर अपुरा आकडा! असो.

वाचकहो, वाक्वा, फिनिक्स, कात्र बोर्न या बाजूला आपल्या ओळखीच्या किती घरांचा वरचा मजला रिकामा आहे, हे एकदा मोजून पाहा. आम्ही आमच्या रस्त्यावर मोजले. आमच्यासह पाच निघाले. हे मजले भाड्यासाठी बांधलेलेच नव्हते. १९६० साली जानेवारीत आलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन वादळे एकापाठोपाठ आली, लाकडाची व पत्र्याची घरे गेली, आणि त्यानंतर आपल्या लोकांनी सिमेंटचे घर म्हणजेच घर असे मनाशी धरले. छप्पर सपाट टाकावयाचे व कोपऱ्यांतून लोखंडी सळ्या वर उभ्या ठेवावयाच्या, म्हणजे मुलाचे लग्न ठरले की वर मजला चढविता येतो. आमच्या वडिलांनीही तसेच केले. निवृत्तीचे पैसे मिळाले, त्यांत बँकेचे कर्ज घातले आणि दादासाठी दोन झोपण्याच्या खोल्या, एक बैठक, स्वयंपाकघर व न्हाणीघर असा मजला उभा केला. त्याच्याही छपरावर पुन्हा सळ्या ठेवल्या, नातवासाठी असाव्यात. दादा शिकावयास मेलबर्नला गेले ते तेथलेच झाले. वडील गेले. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस येतो, आणि तो आम्ही उभयता भरतो.

पहिला भाडेकरू आपल्यातलाच होता. म्हणजे मराठी, ओळखीचा, उत्सवाला हजर राहणारा. त्याच्याकडून करारपत्र लिहून घेणे आम्हांस अपमानकारक वाटले. आपल्या माणसाकडे कागद कसा मागावयाचा? अनामत रक्कमही घेतली नाही. विजेचा मीटर वर-खाली एकच होता, तो वेगळा करून घ्यावा हे आम्ही तीन वर्षे नुसते बोलत राहिलो. जानेवारी २०२३ मध्ये तो गृहस्थ तीन महिन्यांचे भाडे बाकी ठेवून गेला. विजेच्या बिलात त्याचा वाटा किती हे आजही आम्हांस सांगता येत नाही. त्यावर भांडण नको म्हणून आई म्हणाली, "जाऊ द्या, आपलाच आहे." त्याला आता दोन वर्षे उलटून गेली. समारंभात भेट झाली तर तो नमस्कार करतो, आम्हीही करतो.

त्यानंतर भाडे ठरविण्याची पाळी आली. शेजारच्या रस्त्यावर कोणास तरी अठरा हजार मिळाल्याचे कानावर आले होते. कोणास, केव्हा, सामानासह की सामानाशिवाय, हे काही न विचारता आम्हीही अठरा हजार सांगितले. पाहावयास येणारे बहुतेक पंधरा हजार म्हणत. आम्ही मान हलवीत असू. सहावीच्या मुलांना आम्ही जे गणित फळ्यावर घालतो, ते घरी करावयाचे सुचले नाही. महिन्याला तीन हजार अधिक मिळावेत म्हणून थांबलो, तर रिकामा गेलेला एक महिना म्हणजे पंधरा हजारांचे नुकसान; ते भरून यावयास अठरा हजारांचा भाडेकरू पाच महिने राहिला पाहिजे. आमचे सात महिने रिकामे गेले. म्हणजे पस्तीस महिने! तीन वर्षांना एक महिना कमी. आणि तोपर्यंत तो भाडेकरू टिकेल, याची खात्री कोणी दिली होती?

एक कुर्तिये, म्हणजे मध्यस्थ, आला व एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागू लागला. तेव्हा ते फार वाटले. वरील हिशेब कळल्यावर तितकेसे फार वाटेनासे झाले.

जे पाहावयास येत, ते काय पाहतात हेही आम्ही उशिरा शिकलो. आम्ही बैठकीतील फरशी दाखवीत होतो. लोक नळ उघडून पाहत. एका बाईंनी नळ उघडला तर पाणी नाही, कारण टाकीवरचा पंप आम्हीच बंद ठेवला होता. मार व वाक्वा हे बेटावरील सर्वांत मोठे धरण आमच्या इतके जवळ, तरी उन्हाळ्यात नळाला पाण्याच्या वेळा असतात, म्हणून टाकी आणि पंप असल्याशिवाय वरच्या मजल्यावर कोणी राहावयास येत नाही. दुसरे म्हणजे वास. वाक्वाच्या पावसाळी हवेत बंद घराला महिन्याभरात बुरशी धरते. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात काळे डाग पडले होते. आम्ही त्यावर रंग मारला. तीन आठवड्यांत ते रंगातून पुन्हा दिसू लागले. तेव्हापासून रोज शाळेतून आल्यावर वरच्या खिडक्या दोन तास उघडण्याचा नेम केला. आणि मीटर एकदाचा वेगळा केला.

काही जणांनी सुचविले की फ्लिक-आं-फ्लाकसारखे पाहुण्यांना दिवसाच्या हिशेबाने द्या. आमच्या एका आतेभावाचे तेथे घर आहे. त्यासाठी पर्यटन प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते, चादरी-भांडी लागतात, आणि मार्च २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा त्याचे घर कसे पडून होते हे आम्ही पाहिले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सीमा पूर्ण उघडेपर्यंत तो हप्त्यासाठी सासऱ्यांकडे हात पसरत होता. शिवाय वाक्वाला कोण समुद्र पाहावयास येणार?

एका रविवारी एक गृहस्थ आले. त्यांना कारखान्यातील चौदा परदेशी कामगारांची सोय हवी होती आणि ते वीस हजार द्यावयास तयार होते. दोन खोल्या, एक न्हाणीघर, चौदा माणसे! अशा वस्तीला कामगार मंत्रालयाचा परवाना लागतो. तो विचारला तर "नंतर पाहू" म्हणाले. आम्ही नाही म्हटले. ज्यांना तेथे झोपावे लागणार होते, त्यांना कोणी विचारले होते असे दिसले नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना हात अडखळतो. आपल्या बेटावर आडनाव ऐकले की माणूस कोणत्या समाजाचा हे कळते, हे वाचकांस समजावून सांगावयास नको. फोन आला की आम्ही प्रथम नाव विचारीत असू. पगार किती, माणसे किती, केव्हापासून हवे, हे सारे नंतर. आणि निदान तीन वेळा, आडनाव ऐकल्यावर, "दिले गेले" असे म्हणून आम्ही फोन ठेवला. आईने घातलेली अट अशी होती की वर गोमांस शिजता कामा नये, आणि माणसे 'आपल्यासारखी' हवीत. आम्ही आईचे नाव पुढे करीत होतो. खरे पाहता अट आमचीही होती.

ऑगस्टमध्ये एके संध्याकाळी एक बाई स्वतःच फाटकाशी आल्या. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. रॉड्रिग्जच्या, कांदोसच्या इस्पितळात परिचारिका. म्हणाल्या, "एप्रिलमध्ये मी फोन केला होता, तेव्हा दिले गेले होते. पाटी पुन्हा लागलेली बसमधून दिसली, म्हणून आले. रिकामे झाले का?" पाटी पुन्हा लागलेली नव्हती, ती कधी उतरलीच नव्हती. हे त्यांना माहीत होते की नाही, ते आम्ही अद्याप विचारलेले नाही. आम्ही "हो, नुकतेच" म्हटले. तेही खोटेच.

त्या वर गेल्या, नळ उघडला, मागच्या खोलीतील कोपऱ्यावर हात फिरवून पाहिला, आणि मुलीला शाळेची बस कोठे मिळते ते विचारले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिक्षक-प्रशिक्षण घेताना आम्हांस शिकविले होते की ज्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे येते, त्याने विद्यार्थ्याला काय येते ते कळत नाही. "भाडे वेळेवर द्याल ना?" यावर कोण नाही म्हणेल? म्हणून या वेळी आम्ही विचारले : सध्याचे घर का सोडता, पगार कोणत्या तारखेस होतो, रात्रपाळी असली की मुलगी कोठे असते. त्यांनी पगाराची पावती दाखविली. सध्याच्या घरमालकाचा फोन नंबर न मागता दिला. मुलगी रात्री मावशीकडे असते, ती फिनिक्सला मेट्रोच्या स्थानकाजवळ राहते. चार घरी 'दिले गेले' असे उत्तर मिळाल्याचेही त्यांनी सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, पावसाचे बोलावे तसे.

त्या रात्री आमच्या घरी बरेच बोलणे झाले. एप्रिलमध्ये त्यांना हो म्हटले असते तर सप्टेंबर लागेपर्यंत साठ हजार रुपये हाती आले असते, हा हिशेब आम्ही आईला सांगितला. हिशेबाने ती बधली नाही. मग विचारले, "तीन महिन्यांचे भाडे बुडवून गेला तो कोण होता?" ती बराच वेळ गप्प राहिली व म्हणाली, "पण गोमांसाचे तुम्ही बोला. मी बोलणार नाही."

आम्ही बोललो. जिभेला फार जड गेले. बाई म्हणाल्या, "घर तुमचे, तुमच्या देवाखाली शिजविणार नाही. मासे चालतात ना?" मासे चालतात.

या वेळी सर्व रीतसर केले. भाडे पंधरा हजार, अनामत एक महिन्याची, करारपत्राच्या दोन प्रती, त्याची रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयात नोंद, मीटरचे आकडे दोघांच्या सहीने. आणि एता दे लिये : कोणत्या खोलीत काय आहे, कोणता नळ गळतो, कोणत्या भिंतीला डाग आहे, हे एक तास फिरून लिहिले. मागच्या कोपऱ्याचे डाग बाईंनीच आम्हांकडून लिहवून घेतले. ज्याच्याशी ओळख नाही त्याच्याशी असे करताना संकोच वाटला नाही, हे मोठे नवल.

पहिल्या महिन्यात वरून एक उग्र वास खाली आला. रॉड्रिग्जहून आलेले सुके उरित शिजत होते. आम्ही आईच्या तोंडाकडे पाहिले. ती म्हणाली, तिच्या आजीच्या घरी कास्कावेलला सुकट भाजली की असाच वास सुटे. वास आवडला असे मात्र ती म्हणाली नाही. उठून खिडकी लावून घेतली.

करार एकदा संपला व पुन्हा केला. भाडे दर महिन्यास येते, एकदा दोन दिवस उशीर झाला तेव्हा आदल्या दिवशी फोन आला होता. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळ आले तेव्हा बाई कामावर अडकल्या, मुलगी आमच्याकडे जेवून आईच्या खोलीत झोपली. त्या वादळातच मागच्या खोलीतील डागांचे मूळ सापडले. वडिलांनी नातवासाठी ठेवलेल्या सळ्या गंजल्या होत्या. लोखंड गंजले की फुगते, फुगले की सिमेंटला तडा जातो, आणि त्या तड्यांतून पाणी भिंतीत उतरत होते. इतकी वर्षे आम्ही रंग लावीत होतो तो खालून.

तेव्हा गवंड्याने नुसते डांबर भरून दिले. ते या पावसात उखडले. बाईंनी या खेपेस लेखी कळविले आहे, आणि करारात दुरुस्ती आमच्याकडे आहे. गवंडी म्हणतो, सळ्या मुळाशी कापून वर गिलावा घातल्याशिवाय गळती थांबणार नाही. दादांना मेलबर्नला विचारले. ते म्हणाले, कापा. आई म्हणते, देवघराच्या वरच्या दोन तेवढ्या राहू द्या. गवंडी शनिवारी येणार आहे, पाऊस नसेल तर.