महापालिकेत जबाबदार कोण? गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहर महापौर चालवतात, हा महापालिकेबद्दलचा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. महाराष्ट्रात मुंबईसाठी १८८८ चा आणि इतर महापालिकांसाठी १९४९ चा अधिनियम लागू आहे. दोन्हींनुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. अडीच वर्षांसाठी निवडून आलेले महापौर मुख्य सभेचे अध्यक्ष असतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून त्यांना मान मिळतो; पण कंत्राटदाराचे देयक अदा करणे, अधिकाऱ्यांना कामाला लावणे किंवा अनधिकृत बांधकाम पाडणे त्यांच्या हातात नसते. नगरसेवकाचेही तसेच. तो काम सुचवतो, सभागृहात प्रश्न विचारतो, स्थायी समितीत असेल तर खर्चाच्या प्रस्तावावर मत देतो. खचलेल्या रस्त्याचा राग त्याच्यावर निघतो, पण त्या रस्त्याची मोजमापे तपासून सही करणारा अभियंता लोकांना नावानेही माहीत नसतो.

मग आयुक्त कोणाला जबाबदार? १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर सरकारने आयुक्तांना परत बोलावले पाहिजे. कागदावर ही तरतूद भक्कम दिसते. परंतु महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाने राज्य सरकारला दिला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबई महापालिकेने आयुक्तांविरुद्ध अविश्वास ठराव मोठ्या बहुमताने मंजूर केला, तरी सरकारने त्यांना लगेच हलवले नाही. आयुक्त कर्तव्यकठोर होते की नगरसेवकांचे म्हणणे रास्त होते, यावर तेव्हा बरेच वाद झाले. रचनेचा प्रश्न त्याहून मोठा आहे: शहराचा सर्वोच्च अधिकारी अखेर मंत्रालयाला उत्तर देतो, शहराला नाही.

याला जोडूनच आणखी एक समजूत आहे. नगरसेवक नसले की कारभार स्वच्छ होतो, असे पुष्कळ सुशिक्षित लोक मनापासून मानतात. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकेची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. तरीही मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपल्यावर प्रशासक आले. पुण्यासह अनेक शहरांतही तेच घडले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे खटले लांबत गेले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. या काळात स्थायी समिती आणि मुख्य सभेचे अधिकार प्रशासकाकडेच होते. प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच. मुंबईचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. एवढ्या रकमेवर लोकांनी निवडलेल्या एकाही माणसाला सभागृहात चर्चा करता आली नाही. हे लोकशाहीचे नुकसानच होते.

महापालिकेचे लेखापरीक्षण कोणी करतच नाही, असेही म्हटले जाते. प्रत्येक महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक असतो आणि तो आपले अहवाल स्थायी समितीपुढे ठेवतो. अडचण पुढे येते. आक्षेप वर्षानुवर्षे अनुत्तरित राहतात आणि वसुली रेंगाळते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे लेखापरीक्षण विशेष प्रसंगी थेट होऊ शकते. मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या कामांवरचा त्यांचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. कोविडच्या खर्चाची कागदपत्रे मात्र त्यांना मिळाली नाहीत. या काळाचा मोठा भाग लोकनियुक्त सभागृहाचा होता आणि शेवटचे महिने प्रशासकाचे, हे लक्षात घेतले तर दोष केवळ एका बाजूचा मानता येत नाही.

माहितीचा अधिकार हे पत्रकारांचे आणि कार्यकर्त्यांचे हत्यार आहे, सामान्य माणसाने त्यात पडू नये, या समजुतीने सर्वांत जास्त हानी केली आहे. २००५ च्या कायद्यानुसार अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तास. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्या कार्यालयाचे कर्तव्य आहे. मुदतीत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. आयोग जनमाहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांपर्यंतचा असावा, अशी अट आहे. अनेक अर्ज तेवढ्यावरच अडतात.

काय मागावे, हेही कळायला हवे. ‘आमच्या रस्त्याचे काम निकृष्ट का झाले?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण कायदा मत देत नाही, कागद देतो. त्याऐवजी पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, डांबर किंवा काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल आणि दोषदायित्वाची मुदत मागावी. या मुदतीत खड्डा पडला तर तो स्वखर्चाने बुजवणे कंत्राटदाराला बंधनकारक असते आणि तरीही नव्याने निविदा निघाली असेल, तर तेथेच प्रश्न विचारता येतो. कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचा नमुना घेणे हेही या कायद्याने दिलेले हक्क आहेत. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा निर्देश राज्य सरकारने २०१८ मध्ये दिला. त्याआधी पुणे महापालिकेत ही पद्धत सुरू होती. शिवाय कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे १७ बाबींची माहिती कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. हे कलम नीट पाळले गेले, तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत.

सभागृहाची दारे लोकांना बंद असतात, हेही खरे नाही. मुख्य सभा कायद्याने लोकांसाठी खुली असते, सदस्यांनी बहुमताने वेगळे ठरवले तरच ती बंद होते. अंदाजपत्रकावर नागरिकांना काही सांगता येत नाही, या समजुतीला पुण्याने २००६ पासून उत्तर दिले आहे. तिथे नागरिक पदपथ, दिवे, बसथांबे अशी प्रभागातली छोटी कामे सुचवतात. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या घटनेनेच अनिवार्य आहेत आणि महाराष्ट्रात त्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी घेता येतात. क्षेत्र सभांची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या बैठकांची, तरतूद २००९ पासून आहे, परंतु बहुतेक शहरांत ती कागदावरच आहे.

माहितीचा अर्ज म्हणजे तक्रार, असे समजून अनेकजण निराश होतात. जन्मदाखला किंवा नळजोडणी मुदतीत मिळत नसेल, तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील करायचे असते. त्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. अधिकाऱ्याच्या गैरकारभाराविरुद्ध लोकायुक्तांकडे जाता येते; त्यांचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्येच केला. आणि नगरसेवकाचा महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारीतून हितसंबंध आढळला, किंवा त्याने अनधिकृत बांधकाम केले अथवा करू दिले, तर त्याचे सदस्यत्व रद्द होऊ शकते.