बंद होणारी वाट उघडी ठेवताना

मागच्या व्याख्यानानंतर एका आजींनी आम्हाला गाठलं. त्यांच्या चार दिवसांच्या नातवाला स्टेंट बसवला होता. "सर, स्टेंट तर म्हाताऱ्यांना घालतात ना?" आता, आमच्याही छातीत एक आहेच, त्यामुळे प्रश्न आम्हाला जरा लागला. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले. पण प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच निघाला, बरं का.

पोटात असताना बाळ फुप्फुसानं श्वास घेत नाही. म्हणून फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते, डक्टस आर्टेरिओसस. फुप्फुसाकडे जाणारं बरंचसं रक्त तिच्यातून परस्पर शरीराकडे वळतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती आक्रसून बंद होते. काही मुलांत ती उघडीच राहते, फुप्फुसात जास्तीचं रक्त जातं. मग डॉक्टर नळीवाटे बूच बसवून ती बंद करतात. तिथे ती दोष.

पण काही बाळांत हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी झडपच जन्मतः बंद असते. अशा बाळात याच वाहिनीतून रक्त उलटं, म्हणजे महाधमनीकडून फुप्फुसाकडे जातं. ती मिटली की बाळ निळं पडतं. म्हणजे बघा, वाहिनी तीच, उघडं राहणंही तेच. एकात तो आजार आणि दुसऱ्यात प्राण! दोष वस्तूत असतो की संबंधात, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं खडूनं समजावलं. इतकं चांगलं उदाहरण तेव्हा हाताशी नव्हतं.

प्रोस्टाग्लँडिनच्या ठिबकीनं वाहिनी उघडी राहते, पण औषध सतत चालू ठेवावं लागतं आणि त्यानं बाळाचा श्वास अडकू शकतो. घरी कसं नेणार? १९४४ साली बाल्टिमोरला ब्लॅलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या कामातून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची शस्त्रक्रिया आली. ती आजही होते, पण छाती उघडावी लागते.

स्टेंटची रीत वेगळी. मांडीच्या किंवा मानेच्या रक्तवाहिनीतून नळी, तिच्यातून केसासारखी तार, आणि समोर क्ष-किरणांचा पडदा. त्याआधी काही तास ठिबक थांबवतात, का, तर वाहिनी थोडी आवळली की स्टेंट घट्ट बसतो, निसटत नाही. पण फार आवळली तर बाळच धोक्यात! या बाळांची वाहिनी बऱ्याचदा नागमोडी असते, आणि तिचा एखादा भाग जरी झाकायचा राहिला तरी तो आक्रसतो. स्टेंट असतो साधारण साडेतीन-चार मिलिमीटर रुंदीचा, आमच्यासारख्यांच्या हृदयात घालतात तोच. आजींना आम्ही हेच सांगितलं, त्या हसल्या.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता बरा झाला ना?"

इथे आम्ही गप्प झालो. बाळ वाढतं, धातू वाढत नाही. आत ऊती साचून स्टेंट अरुंद होतो, कधी रक्ताची गुठळी होते, म्हणून ॲस्पिरिन चालू. लागलं तर पुन्हा फुग्यानं रुंद करतात. काही महिन्यांनी, अंगानं भरल्यावर, पुढची शस्त्रक्रिया. 'बरा' म्हणावं तर हे खोटं, 'आजारी' म्हणावं तर तो दूध पितोय, गुलाबी आहे. आम्ही म्हणालो, "आजी, त्याला वेळ मिळालाय. तारखेला दाखवायला न्या, ॲस्पिरिनचा एकही डोस चुकवू नका, आणि ओठ निळसर दिसले, दूध पिताना धाप लागली, तर तारखेची वाट बघू नका."

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि तिघी सुनांसाठी तीनदा लिहून घेतलं.