अंगणातील संत्रा : निवड आणि निगा

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा आपला परिसर संत्र्यांचा. तरीही अंगणात एखादेच झाड लावताना रोप क्वचितच पारखले जाते. संत्र्याला फळ धरण्यास चार-पाच वर्षे लागतात. निवड चुकल्याचे कळते ते तेव्हा. म्हणून उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ, हा आपल्या व्यवसायातील नियम मी येथेही लावतो.

कलमाचा डोळा जमिनीपासून निदान ९ इंच उंच भरलेला असावा. खोडाशी ओल साचली की फायटोफ्थोरा सालीत शिरतो, मुळे कुजतात, डिंक पाझरतो. हाच डिंक्या रोग. रंगपूर लिंबाचा खुंट जंभेरीपेक्षा त्याला अधिक तोंड देतो. आपल्या भारी काळ्या जमिनीसाठी मी तोच निवडतो.

लागवड उंचवट्यावर करावी. डोळा मातीत गाडू नये. दुहेरी आळे करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे, म्हणजे खोड कोरडे राहते. पावसाळ्यापूर्वी व नंतर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांचे बोर्डो मलम खोडाला लावावे. पुढे आंबिया किंवा मृग यांपैकी एकच बहार धरावा.

रुग्णांना आपण फळे खाण्याचा सल्ला देतो. तो आपल्या अंगणातही डवरलेला दिसावा.